बाबांना शेवटचे पाणी कोणी पाजले

माझ्या वडिलांच्या मुखात शेवटचे पाणी मी घातले, असे मी गेली वीसेक वर्षे सांगत आलो आहे. ते खरे नाही. ते पाणी माझ्या धाकट्या बहिणीने, सुनंदाने, घातले. मी त्या वेळी बाबांजवळ नव्हतो. आणि मी नव्हतो हे झाकण्यासाठी, ती उशिरा पोहोचली असेही मीच सांगितले. आमच्या घरात आजवर तेच धरून चालले होते.

आजारपणाच्या हकिकतीला अशा कबुलीने सुरुवात का करावी, याचा मी बराच विचार केला. हे लेखन मेंदूच्या आजारातून उठलेल्यांसाठी आणि त्यांना सांभाळून थकलेल्या घरच्यांसाठी आहे. माझ्या घरगुती पापांशी त्यांचे काय देणेघेणे, असेही वाटले. परंतु त्या आजाराने माझी काही वर्षे पुसून टाकली, आणि पुसता पुसता एक खोटी आठवणही नेली. तिच्याखाली जे दडले होते ते उघडे पडले. त्यामुळे आजार बाजूला ठेवून ही कबुली सांगता येत नाही, आणि कबुली वगळून आजारही नाही.

निदानाचा दिवस

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर्स विभाग सांभाळतो. राहायला बदलापूरला, कात्रपमध्ये. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मला चार-पाच दिवस ताप होता आणि डोके दुखत होते. गोळ्या घेऊन कामावर जात राहिलो. एके दिवशी दुपारी बरे वाटेना म्हणून लवकर निघालो, आणि स्टेशनकडे जाण्याऐवजी अंबरनाथमधल्याच बुवापाड्यात गेलो. तिथल्या एका खोलीत माझे बालपण आणि तरुणपण गेले. ती खोली आम्ही कधीच विकली आहे. मी दार वाजवले, चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.

घरातल्या बाई ओट्याजवळून वळून पाहू लागल्या. "काका, कोण पाहिजे तुम्हाला?"

"आई बाजारात गेली असेल," मी म्हणालो. "थांबतो मी."

हे संभाषण मला आठवत नाही. त्या बाईंनीच नंतर सांगितले. त्यांनी मला हाकलले नाही, आरडाओरडा केला नाही. पंखा लावला, माझा फोन मागून घेतला आणि माझ्या पत्नीला, वैशालीला, सांगितले, "ताई, तुमचे मिस्टर आमच्याकडे येऊन बसलेत. घर आपलंच आहे म्हणतायत. घाबरू नका, पण लवकर या." अनोळखी माणसाने घरात शिरून मुक्काम ठोकावा आणि त्या घरातल्या बाईने त्याला चहा द्यावा, एवढे भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाही, हे मी जाणतो.

संध्याकाळी इस्पितळात डॉक्टरांनी वैशालीकडे बोट दाखवून मला विचारले, "या कोण?"

मी सभ्यपणे उत्तर दिले, "यांना मी पाहिलंय. बहुधा आमच्या ऑफिसात असतात."

वैशाली हसली. मी थट्टा करतो आहे असे तिला वाटले. मग हसू ओठांवर तसेच राहिले आणि तिने पलंगाचा दांडा घट्ट धरला. आमच्या लग्नाला तेव्हा पंचवीस वर्षे होत आली होती. डॉक्टर तिला बाजूला नेऊन म्हणाले, "मेंदूला सूज आहे. जीव वाचेल असं वाटतंय. बाकीचं आत्ता विचारू नका." ते 'बाकीचे' म्हणजे काय, हे तिला पुढे हळूहळू कळत गेले.

वॉर्डातले दिवस

वॉर्डात रोज सकाळी नर्स तेच प्रश्न विचारत असे. तुमचं नाव? हे गाव कोणतं? आज वार कोणता? नाव मला नेहमी येई. गाव कधी अंबरनाथ, कधी बदलापूर. वार मात्र येत नसे, आणि त्या एका वारापायी मला शाळकरी मुलासारखा घाम फुटे. शेजारच्या खाटेवर उल्हासनगरचे एक सिंधी काका होते. त्यांचा डावा हात अर्धांगाने गेला होता, जीभ मात्र शाबूत होती. ते पलीकडून कुजबुजत, "बुधवार, साईं, बुधवार बोल."

"काका, तुमची परीक्षा नाही चाललीय," नर्स म्हणे.

"अरे सिस्टर, पास होने दो ना बिचारे को."

एकदा त्यांनीच चुकीचा वार सांगितला आणि आम्ही दोघेही नापास झालो. त्या दिवशी ते इतके हसले की त्यांच्या सुनेने धावत येऊन पाणी दिले. त्यांच्या घरून भाजलेले पापड येत. उजव्या हाताने अर्धा मोडून ते माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "खा. दिमाग खुलेगा." दिमाग खुलला नाही, परंतु तोंडाला चव आली ती त्या पापडानेच.

भेटायला येणाऱ्यांना एक हात जोडून विनंती करावीशी वाटते. रुग्णाच्या उशाशी उभे राहून "ओळखलंत का मला?" असे विचारू नका. जो तो हेच विचारी. प्रत्येक वेळी मला आतल्या आत कपाट उपसावे लागे, आणि हाती काही लागत नसे. मग मी एक युक्ती शोधली. "हो तर, बसा ना," असे म्हणायचे. लोक समाधानाने बसत आणि वैशालीला सांगत, "बरे आहेत हो, ओळखलं मला." आपल्याला काय आठवते यापेक्षा समोरच्याला काय ऐकायचे आहे ते सांगणे किती सोपे असते, हे मी तिथे नव्याने शिकलो असे मला वाटत होते. ती सवय फार जुनी होती, हे नंतर कळले.

वैशालीचे हाल मी पाहत होतो, पण ते माझ्यामुळे आहेत हे मला कळत नव्हते. ती माझ्याशी सौम्यपणे बोले. एकदाच तिचा तोल गेला. बुवापाड्यातल्या आमच्या जुन्या शेजारणीविषयी मी भरभरून बोलत होतो. ती डब्याचे झाकण आपटून म्हणाली, "शेजारीण आठवते, तिची मांजर आठवते, आणि मी कोण ते नाही आठवत! एवढी काय ती मांजर गुणाची होती?" मग स्वतःच रडली आणि मला वरणभात भरवू लागली. तिचे नाव माझ्या तोंडून आपोआप निघाले ते त्यानंतर काही दिवसांनी, पाणी मागताना. तिने पाणी दिले. पाठ फिरवून बराच वेळ ती पिशवी आवरत राहिली.

दुसऱ्यांच्या तोंडून

घरी आल्यावर थकवा सुरू झाला. त्याची कल्पना मला कोणी दिली नव्हती. अंगात ताकद होती. थकत होते ते डोके. खिडकीत बसून रस्त्यावरची माणसे पाहिली तरी झोप येई. एखादे नाव शोधावे, ते सापडू नये, आणि त्या शोधानेच दिवस संपावा. चिडचिडही होत नसे, कारण चिडायलाही काही शिल्लक लागते.

लग्नाआधीचे बरेचसे टिकले होते. नंतरची वर्षे मात्र फाटक्या जाळ्यासारखी होती; मधूनच एखादा चेहरा, एखादा जिना, बाकी भोके. मानसोपचार करणाऱ्या तरुण बाईंनी घरच्यांना सांगितले, "रोज थोडं थोडं यांचं आयुष्य यांना सांगत जा. परीक्षा घेऊ नका, गोष्ट सांगतो तसं सांगा." मला त्या म्हणाल्या, "काका, आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नाही. आपण ती दर वेळी नव्याने बनवतो. त्यामुळे सगळं लगेच पटलं नाही तरी घाबरू नका."

मग माझे आयुष्य मला सांगण्याचे काम घरात वाटून दिले गेले. लग्न आणि नंतरचे सारे वैशालीकडे. लहानपण आईकडे, ती आमच्याजवळच असते, तिने ऐंशी पार केली आहे, आणि तिच्या गोष्टीत मी नेहमी आजारी किंवा हुशार असतो. मधली वर्षे आणि बाबांचे आजारपण सुनंदाकडे. ती विठ्ठलवाडीला राहते. दर रविवारी सोलकढीचा डबा घेऊन येई.

"हे बघ दादा," तिने पहिल्याच रविवारी सांगून टाकले, "सगळं विसरलास तरी चालेल. भाऊबीजेला मला दर वर्षी पैठणी द्यायचास, तेवढं आठव."

"पैठणी?" मी खरोखरच चिंतेत पडलो.

"काय गं छळतेस त्याला!" आई खाटेवरून ओरडली. "साधी कॉटनची द्यायचा रे. तीपण वैशाली आणायची."

अशा हसण्यात काही रविवार गेले. इतरांच्या तोंडून आपलेच आयुष्य ऐकताना फार परके वाटते. माझी म्हणून सांगितलेली कितीतरी कर्तव्ये मला कोण्या भल्या माणसाची वाटत. मी मान डोलवी आणि तो माणूस मी आहे असे मनाशी म्हणून पाही.

एका रविवारी आई आत झोपली होती. सुनंदा बाबांच्या शेवटच्या आजाराविषयी सांगू लागली. उल्हासनगरातल्या इस्पितळात आम्ही दोघे आळीपाळीने बसत होतो, आई घरी असे, हे सांगून झाले. मग तिने अगदी सरळ आवाजात सांगितले, "शेवटच्या दिवशी तू होतास त्यांच्याजवळ. पाणी तू घातलंस, चमच्याने. त्यांनी तुझं मनगट धरलं होतं. मी नंतर पोहोचले."

तिने माझेच शब्द मला परत केले. चमचा, मनगट, सारे जसेच्या तसे. मला त्यावर शंका घ्यायला जागा नव्हती, आणि तिलाही एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. माझी पाटी कोरी होती. तिने खरे सांगितले असते तर मी ते मुकाट्याने मानले असते.

आणि त्याच क्षणी मला एक न्हाव्याचे दुकान दिसले.

खाली काय होते

दुकान इस्पितळासमोरच्या गल्लीत होते. भिंतीवर समोरासमोर आरसे, मोठ्याने लावलेला रेडिओ, मानेवर पडणारा पंख्याचा वारा. खुर्चीत मी होतो. माझी दाढी होत होती.

त्या दिवशी पाळी माझी होती. दुपारी बाबांचा श्वास बदलला. दोन श्वासांमधले अंतर वाढत गेले. आता काय होणार हे मला कळले, आणि ते माझ्यासमोर होऊ नये एवढेच वाटले. मी उठलो, नर्सला काहीही न सांगता खाली उतरलो आणि गर्दीचे, आवाजाचे जे पहिले ठिकाण दिसले तिथे शिरलो. दाढी करायची का, असे न्हाव्याने विचारले. मी हो म्हणालो. झाल्यावर मी त्याला पुन्हा एकदा हात फिरवायला लावला, म्हणजे वर जायला उशीर होईल.

वर गेलो तेव्हा सुनंदा बाबांजवळ उभी होती. पेज घेऊन ती ठरल्यापेक्षा लवकर आली होती. म्हणाली, "दादा, गेले बाबा. मी पाणी घातलं." थोड्या वेळाने बाबांचे भाऊ, आमचे काका, आले. मुखात पाणी कोणी घातले, हे आपल्याकडे विचारतातच. तेही थोरल्या मुलाकडे पाहून. मी म्हणालो, "मी." काकांनी विचारले, "आणि सुनंदा?" मी म्हणालो, "ती आत्ता आली." सुनंदाने माझ्याकडे पाहिले. मग ती बाबांच्या अंगावरची चादर सरळ करू लागली.

पहिल्या वर्षी हे सांगताना माझा आवाज अडखळे. लोकांना तो शोक वाटे. मग मी चमचा घातला, पुढे मनगट आले. वर्षश्राद्धाला, नातेवाइकांत, कुणा मित्राचे वडील गेल्यावर त्याचे सांत्वन करताना मी ते सांगत गेलो, आणि एक वेळ अशी आली की बाबांच्या बोटांचा दाब मला मनगटावर खरोखर जाणवे. दुकान मी विसरलो नव्हतो. फक्त तिकडे पाहणे सोडले होते. आजाराने नेले ते हे शिकून पाठ केलेले. दुकान राहिले.

आणि सुनंदाला काय मिळाले? आईचा एक टोमणा, जो आई टोमणा म्हणून मारत नसे. पाहुण्यांना ती सांगे, "माझा मुलगा होता म्हणून निभावलं. पोरगी काय, तिचा संसार, ती वेळेवर कुठून पोहोचणार?" सुनंदा तिथेच बसून भाजी निवडत असे.

सोपी वाट

त्यानंतरचे काही आठवडे आजारापेक्षा जड गेले. गप्प राहणे फार सोपे होते. माझ्याकडून कोणी काही मागत नव्हते. विसरणे ही माझी हक्काची सवलत झाली होती. शिवाय आईला त्या गोष्टीचा आधार होता. या वयात तिच्याकडून ते समाधान काढून घ्यायचे, ते माझ्या मनाच्या शांतीसाठी का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत होतो. दुसरीकडे, आई असेपर्यंतच सुनंदाला तिचे परत मिळू शकत होते. आईनंतर ते मिळून न मिळाल्यासारखेच.

आधी वैशालीला सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. "अहो, त्या मॅडम म्हणाल्या होत्या ना, आठवणींची सरमिसळ होते. असं काही झालं नव्हतं. झोपा बघू थोडं."

वीस वर्षे मी खोटे सांगितले ते सर्वांनी मानले. आता खरे सांगितले तर तो आजार ठरला. रागवायचा मला अधिकार नव्हता. मानसोपचारवाल्या बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आपली आठवण खरी की खोटी, हे आतून ओळखता येत नाही, काका. तिथे दुसरं कोणी होतं का? त्यांना विचारा."

मी सुनंदाला फोन केला. न्हाव्याच्या दुकानाविषयी सांगितले.

"तुला आठवलं?" तिने विचारले.

"म्हणजे खरं आहे."

"राहू दे रे दादा. त्या दिवशी ताजी दाढी करून वर आलास तेव्हाच कळलं मला. पण तुझा चेहरा बघवत नव्हता. काकांसमोर तुला उघडं पाडलं असतं तर तू उभा राहिला नसतास. आणि आता काय त्याचं? आईला कशाला त्रास?"

"तुला त्रास नाही झाला?"

"कुकर झालाय," ती म्हणाली, "ठेवते."

रविवार

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा आई बाहेरच्या खोलीत खाटेवर होती, वैशाली खाली बसून लसूण सोलत होती. मी सुनंदाला आत डबा ठेवू दिला, बसू दिले. मग म्हणालो, "आई, बाबा गेले तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हतो. पाणी सुनंदाने घातलं."

वैशालीने झटकन वर पाहिले. "आई, यांचं मनावर घेऊ नका. आजारामुळे होतं तसं."

"काय म्हणतोय हा?" आईने सुनंदाला विचारले.

"काही नाही गं. त्याला कुठलं काय आठवतंय! सगळं मिसळतो तो." सुनंदा हसण्याचा प्रयत्न करत होती.

"बाय," मी सुनंदाला लहानपणीची हाक मारून म्हणालो, "आज माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. आईने पाय खाली सोडले आणि ती तिच्याकडे वळली. "सुनंदा. तू होतीस?"

"होते."

"तू घातलंस पाणी?"

"हो. पण चमचा नव्हता गं आई. डब्याचं झाकण होतं पेजेच्या, त्यातनं घातलं. थोडं गेलं आत, बाकीचं मानेवरून ओघळलं. मी पदराने पुसलं. मला वाटलं, पोटात गेलं की नाही..." एवढी वर्षे तिला ही शंका कोणालाच विचारता आली नव्हती.

"बोलले काही?" आईचा आवाज अगदी बारीक झाला होता.

सुनंदाने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. "म्हणाले, 'उद्या पाणी येणार नाही. आईला सांग, पिंप भरून ठेव.'"

मलाही हे पहिल्यांदाच कळत होते. सुनंदा उशिरा आली हे एकदा ठरल्यावर बाबांचा निरोप तिने आईला कसा द्यावा? ती तिथे होती हेच मी नाहीसे केले होते.

आई हसली. मग तिचे हसणे मोडले. "मी नव्हतं भरलं," ती म्हणाली. "स्मशानातनं सगळे परत आले, आणि घरात अंघोळीला थेंब नाही. शेजारपाजारून कळशा आणल्या. किती लाज वाटली होती मला. ते गेले आणि घर सांभाळणारं कोणी उरलं नाही, असं वाटलं होतं." तिने हात पुढे केला. "त्यांनी सांगितलं होतं म्हणजे."

सुनंदा तिच्याजवळ सरकली. आईने तिचा हात मांडीवर घेतला आणि विचारले, "अजून काय म्हणाले? सांग. सगळं सांग." सुनंदा सांगू लागली. पेज गरम होती की गार, खिडकी कोणत्या बाजूला होती, डोळे कोणी मिटले, आई एकेक विचारत होती. वैशाली लसूण तसाच टाकून ऐकत होती.

त्यांचे संपेपर्यंत थांबलो. उभे राहिल्यावर मला अजून भोवळ येते, म्हणून भिंतीला हात टेकून उभा राहिलो, आणि तिघींनाही नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "बाय, मी घाबरून पळून गेलो होतो, आणि तुझी जागा माझी म्हणून सांगितली. आईला बाबांचा निरोप मिळाला नाही तो माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ कर."